दुबळ्या पायाला हवा मापाचा आधार

आमची अक्का लातूरला दिली आहे. मागच्या पावसाळ्यात ती माहेरी नांदेडला आली, तेव्हा आईच्या एक गोष्ट लक्षात आली. उंबरठा ओलांडताना अक्का दाराची चौकट धरत होती. जिना चढताना मध्येच थांबत होती.

"काय झालं गं?"

"काही नाही माय, वय झालं आता."

वय कसले? अजून पन्नाशीही नाही. पण दोन वर्षांची असताना तिला ताप आला आणि उजवा पाय लुळा पडला. पोलिओ! आठ वर्षांची झाल्यावर एका शिबिरात तिच्या पायाचे माप घेतले आणि कित्येक महिन्यांनी कॅलिपर हाती पडला. तोवर पोरगी वाढली होती. कॅलिपरचा सांधा गुडघ्याखाली पोटरीवर येई, वरचा पट्टा मांडीला घासे. जखम चिघळली. बाबा मोंढ्यात हमाली करीत. पुन्हा खेटे घालायचे म्हणजे रोज बुडणार. शेवटी तो कॅलिपर माळ्यावर गेला आणि अक्का मांडीवर हात दाबून चालायला शिकली. दोष मापाचा होता, बोल मात्र पोरीला लागला. "हट्टी आहे, घालतच नाही," असे आम्ही सगळेच म्हणत होतो.

वाचकहो, असा एखादा कॅलिपर आपल्याही घराच्या माळ्यावर पडला असेल. म्हणून हा लेखप्रपंच.

पोलिओ गेला, पाय राहिले

भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपला देश पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. १९९५ पासून दोन थेंब पाजणाऱ्या, दारोदार फिरणाऱ्या परिचारिका आणि अंगणवाडी ताईंचे हे यश आहे. पण त्याआधी ज्यांना पोलिओ झाला, ती माणसे आज चाळीस, पन्नास, साठ वर्षांची आहेत. पोलिओनंतर वाचलेल्या थोड्या स्नायूंनी इतकी वर्षे दुप्पट काम केलेले असते. त्यामुळे पंधरा ते चाळीस वर्षांनी अनेकांना नव्याने थकवा येतो, पाय अधिक दुबळा होतो, पडण्याचे प्रमाण वाढते. याला वय झाले म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना लहानपणच्या पोलिओची आठवण करून द्यावी. त्यांना ती गोष्ट आपोआप कळत नाही.

पाय पाहून आधार

सगळे दुबळे पाय सारखे नसतात. गुडघा मुडपत असेल किंवा उलटा मागे वळत असेल, तर मांडीपासून तळव्यापर्यंतचा लांब कॅलिपर लागतो. त्याला गुडघ्यापाशी कडी असते. उभे राहिले की ती खाली पडून गुडघा ताठ धरते. बसताना हाताने वर उचलली की गुडघा वाकतो. अर्धांगवायू झालेल्या माणसाचा नुसता चवडा लोंबतो आणि उंबरठ्याला अडकतो. त्याला बहुधा पोटरीपासून तळव्यापर्यंतचा छोटा प्लास्टिकचा आधार पुरतो.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. पोलिओच्या पायात शक्ती नसते, पण स्पर्श कळतो. कुठे घासले की लगेच दुखते. पाठीच्या मणक्याला मार लागलेला माणूस, कुष्ठरोगातून बरा झालेला माणूस, जुना मधुमेही, यांच्या पायाला पुष्कळदा स्पर्शच कळत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात ढिगाऱ्याखालून निघालेल्यांमध्ये मणक्याला इजा झालेलेही होते. अशा माणसाला खिळा रुतला तरी समजत नाही. त्यांनी रोज रात्री तळवे आरशात पाहावेत किंवा घरच्यांना दाखवावेत. पायातला स्पर्श गेला असेल तर आत मऊ एमसीआर रबर आणि खाली टणक तळ असलेली, बिनखिळ्यांची चप्पल वापरावी.

माप देताना संकोच नको

गरीब माणूस मिळेल ते मुकाट घेतो आणि घरी येऊन सोसतो. इथेच चूक होते. कॅलिपर घेताना या गोष्टी तिथेच तपासा:

१. कॅलिपरचा गुडघ्याचा सांधा आपल्या गुडघ्याच्या सांध्यासमोर बरोबर आला पाहिजे. घोट्याचेही तसेच.

२. मांडीवरचा पट्टा जांघेत रुतता कामा नये. बसून, उठून, दहा पावले चालून पाहा.

३. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला जे हाड लागते, तिथे दाब नको. तिथून शीर जाते. दाब पडला तर पायाला मुंग्या येतात.

४. पहिल्या दिवशी तासभरच घाला. काढल्यावर कातडी पाहा. लाली अर्ध्या तासात गेली तर ठीक. राहिली किंवा फोड आला, तर कॅलिपर दुरुस्तीला परत न्या.

५. आत लांब सुती मोजा घाला. त्याला चुणी पडू देऊ नका.

मोडलेले बक्कल, झिजलेली टाच, तुटलेला पट्टा आपल्या गल्लीतला चर्मकार बंधू उत्तम सांधून देतो. त्याच्या हातातली कला मोठी आहे. पण सांध्याचा कोन किंवा लांबी बदलायची असेल तर प्रशिक्षित ऑर्थोटिस्टकडेच जावे. वाढत्या मुलांचे माप लवकर चुकते, म्हणून दर काही महिन्यांनी तपासावे.

बूट कसा असावा?

लातूरच्या गंजगोलाईत जा की नांदेडच्या वजिराबादेत, दुकानदार आधी दिसायला छान बूट पुढे करतो. आपण मात्र कॅलिपर घालूनच दुकानात जावे, तेही संध्याकाळी, कारण दिवसभराने पाय थोडा सुजतो. बूट रुंद आणि खोल हवा. नाडी किंवा चिकटपट्टी चवड्यापर्यंत उघडणारी हवी, म्हणजे पाय कोंबावा लागत नाही. मागची बाजू कडक, टाच बुटकी आणि तळ न घसरणारा हवा. सपाता किंवा अंगठ्याची चप्पल नको. एक पाय लहान असेल तर दोन मापांचे दोन जोड घ्यावे लागतात. खर्च दुखतो, पण मोठ्या बुटात कापूस कोंबून चालण्याने पाय दुखावतो. एक पाय आखूड असेल तर बुटाखाली हलके थर लावून उंची वाढवता येते. किती वाढवायची हे डॉक्टरांना ठरवू द्या. सगळा फरक एकदम भरून काढला तर कंबर दुखते.

आपल्याकडे घरात आणि विहारात पादत्राणे बाहेर काढतात. जुन्या लोखंडी कॅलिपरला बूट जोडलेलाच असतो. बूट काढा म्हणजे कॅलिपर काढा, आणि कॅलिपर काढला की उभे राहणे संपले! प्लास्टिकचा आधार बुटाच्या आत बसतो. त्यामुळे आत वापरायला वेगळा स्वच्छ जोड ठेवता येतो. नुसत्या प्लास्टिकवर फरशीवरून चालू नये, पाय घसरतो. विहाराच्या कार्यकर्त्यांनी भिंतीलगत दोन खुर्च्या मांडून ठेवल्या, तर कुणाला दाराबाहेर थांबावे लागणार नाही.

पावसाळ्यात आपली काळी माती सांध्यात भरते. रोज पुसून आठवड्याला तेलाचा थेंब द्यावा. प्लास्टिकचा आधार चुलीजवळ ठेवू नये, उष्णतेने त्याचा आकार बिघडतो.

कागदपत्रे आणि हक्क

नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत अस्थिरोग विभाग आहे. सुरुवात तिथून करावी. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड हाती आले की केंद्राच्या 'एडिप' योजनेत उत्पन्नाच्या मर्यादेत साहित्य मिळते. एकदा मिळालेले साहित्य तीन वर्षांनी पुन्हा मागता येते. १२ वर्षांखालील मुलांसाठी ही मुदत एक वर्षाची आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका, जिल्हा परिषद यांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत त्याचा हिशेब विचारा. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आपल्या बाजूने आहे. भीक मागायची नाही, हक्काचे मागायचे आहे.

अक्काची गोष्ट अर्धी राहिली. चार महिने तिने नकारच दिला. लहानपणची ती जखम तिच्या मनात ओली होती. शेवटी भाची सोबत गेली. नवा आधार मांडीवर घासत होता, तेव्हा अक्का पहिल्यांदाच बोलली, "इथं टोचतंय, नीट करून द्या." तीन वेळा परत नेला, तिसऱ्यांदा बसला. परवा ती नांदेडला आली, तेव्हा उंबरठा ओलांडताना तिचे दोन्ही हात मोकळे होते. एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हातात नातवाचे बोट.

बंधूभगिनींनो, माळ्यावरचा कॅलिपर आज खाली काढा. ज्याचा तो आहे त्याला जवळ बसवा आणि एवढेच विचारा, "कुठं टोचत होतं?"