राजेवाडीच्या खडकांत, कुत्र्यासोबत

रविवारी फजरनंतर आम्ही मुलांना घेऊन राजेवाडी तलावावर गेलो. सातारा-सांगलीच्या सीमेवर, माणगंगा अडवून ब्रिटिश काळात बांधलेला हा तलाव. भोवती कोरडा माणदेश. सोबत शेजाऱ्यांचा कारवानी कुत्रा. दहाला खडक असे तापले की तळहात टेकवेना. चूक आमचीच, उशीर केला. कुत्र्याचं अंग आपल्यासारखं घामाने निवत नाही, तो धापा टाकूनच गारवा मिळवतो. पाण्याची कड अजून लांब होती. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीस धाकटीला पाठ, तरी तिने वजूचा लोटा छातीशी धरला, “दादी रागावेल.” आम्ही खडकातल्या खळग्यात पाणी ओतलं. लोट्याला तोंड लागलंच नाही. वजूला पुढे तलाव होताच.