त्रास देतोय, पण कशासाठी?

होस्टेलमध्ये एमसीबी ट्रिप झाला की आपण काय करतो? खटका पुन्हा वर ढकलतो. परत पडला की मग ओरडतो, कोणी रॉड लावलाय का? ओव्हरलोड असेल, शॉर्ट असेल, नाहीतर ब्रेकरच गेलेला असेल. खटका तिन्ही वेळा सारखाच पडतो, दुरुस्ती मात्र वेगवेगळी. मशीनच्या बाबतीत आपल्याला हे पटतं. लहान मुलाच्या बाबतीत मात्र आपण सरळ निकाल लावून मोकळे होतो: हट्टी आहे, लाडावलाय, दोन ठेवून द्या.

मी या विषयाकडे वळले ती माझ्या मावसभावामुळे. लाखनी तालुक्यातल्या एका गावात राहतो, वय सात, ऑटिझम आहे. वर्गात स्वतःचा हात चावतो, अगदी वळ उठेपर्यंत. शाळेनं मावशीला सांगून टाकलं, असंच चाललं तर दुसरीकडे बघा. गावात दुसरी शाळा नाही. मग मी (मेकॅनिकलवाली, सायकॉलॉजीशी संबंध शून्य) सुट्टीत वाचायला बसले.

अप्लाइड बिहेविअर अ‍ॅनालिसिस, म्हणजे एबीए, या शास्त्राचं म्हणणं असं की एखादं वर्तन पुन्हा पुन्हा होतंय म्हणजे त्यातून त्या मुलाला काहीतरी मिळतंय. ढोबळमानाने चार गोष्टी: कोणाचं तरी लक्ष, हवी असलेली वस्तू, नकोशा कामातून सुटका, किंवा नुसतीच शरीराला मिळणारी संवेदना. चौथ्या प्रकारात समोर कोणी असण्याचीही गरज नसते. १९८२ साली अमेरिकेत ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करणाऱ्या नऊ मुलांना पंधरा-पंधरा मिनिटं चार वेगळ्या परिस्थितींत ठेवून पाहिलं. एकात इजा केली की मोठं माणूस काळजीनं बोलायचं, दुसरीत काम दिलं जायचं आणि इजा केली की ते थांबायचं, तिसरीत मूल एकटं, चौथीत नुसता खेळ. नऊपैकी सहा जणांत एका ठरावीक परिस्थितीतच इजा जास्त दिसली, आणि ती परिस्थिती सगळ्यांची एकच नव्हती. आपल्या भाषेत सांगायचं तर एकेक इनपुट बदलून आउटपुट मोजलं.

हा प्रयोग घरी करायचा नाही. त्यात त्रास मुद्दाम उद्भवू दिला जातो, त्यामुळे ते प्रशिक्षित माणसाचंच काम. आणि त्याही आधी डॉक्टर, कारण कान किंवा दाढ दुखत असेल तरी मूल असं करू शकतं. पण वही कोणालाही ठेवता येते. तीन रकाने: आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर काय झालं. मावशी दहा दिवस वर्गात मागे बसून लिहीत होती. पहिल्या रकान्यात बहुतेक वेळा शुद्धलेखन. तिसऱ्यात जवळजवळ दरवेळी एकच ओळ, 'बाईंनी व्हरांड्यात बसवलं'. खेळाच्या तासाला हात चावल्याची नोंद नाहीच.

बघा, शिक्षा म्हणून जे दिलं जात होतं, तेच त्याला हवं होतं! त्याला बोलून 'नको' म्हणता येत नाही. हात चावला की वही मिटते. लक्ष वेधण्यासाठी चावणाऱ्या मुलाला व्हरांड्यात बसवलं असतं तर कदाचित उपयोग झाला असता. इथे आपणच सवय पक्की करत होतो.

एडवर्ड कार आणि मार्क ड्युरांड यांनी १९८५ मध्ये दाखवलं की तेच काम करणारा दुसरा, साधा मार्ग मुलाला शिकवला, म्हणजे मदत मागणं किंवा लक्ष मागणं, की त्रास कमी होतो. म्हणून भावाला एक कार्ड दिलंय, त्यावर हाताच्या पंजाचं चित्र. दाखवलं की दोन मिनिटं सुट्टी. लेखनही पाच ओळींवरून दोनवर आणलं.

एबीएवर टीकाही आहे. सुरुवातीच्या काळात त्यात शिक्षा वापरल्या गेल्या, आणि मुलाला 'नॉर्मल दिसायला' लावण्याला अनेक ऑटिस्टिक प्रौढांचा विरोध आहे. मला तो पटतो. भाऊ आनंदात हात फडफडवतो, त्यानं कोणाचं काय बिघडतं?

नाव वेगळं असलं तरी हा विचार आपल्याकडे जुनाच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम १९५७ मध्ये कोसबादला (आता पालघर जिल्हा) गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नसत. का, तर गुरं चारायची असत. म्हणून शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा! रोवणीच्या दिवसांत शाळेची हजेरी का घटते, हे आपल्या भंडारा जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. पण त्यावर नोटीस काढणं सोपं असतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता सामावून घ्यायचं आहे. तरी बाईंचं म्हणणंही खोटं नाही, एवढ्या पोरांत एकट्याकडे किती बघणार? डिक्टेशनच्या दिवशी तो अजून चावतो. मावशीनं आता वहीत चौथा रकाना आखलाय: कार्ड दाखवलं होतं का, आणि कोणी पाहिलं का.