रुग्णालयाची उतरंड आणि अडकलेली वर्दी

सिंगापूरमधील सिंगहेल्थ या सार्वजनिक आरोग्यसमूहाच्या संगणकांतून २७ जून ते ४ जुलै २०१८ या काळात सुमारे १५ लाख रुग्णांची नावे, पत्ते, जन्मतारखा आणि ओळखक्रमांक चोरीस गेले. त्यांपैकी सुमारे १ लाख ६० हजार जणांच्या औषधांच्या नोंदीही गेल्या आणि हल्लेखोरांनी मुद्दाम शोधलेल्या माहितीत तत्कालीन पंतप्रधान ली सिएन लूंग यांच्या नोंदी होत्या. माजी न्यायाधीश रिचर्ड मॅग्नस यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी समितीचा जो अहवाल जानेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात यंत्रणेतील तांत्रिक उणिवांइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, बोलके आहे ते कर्मचाऱ्यांच्या वर्तनाचे चित्र.

तंत्रविभागातील कनिष्ठ कर्मचाऱ्यांना जून महिन्यातच लॉगिनचे फसलेले संशयास्पद प्रयत्न दिसले होते, आणि ४ जुलै रोजी त्यांच्यापैकीच एकाने माहितीसाठ्यावर होणाऱ्या विचित्र विचारणा हेरून त्या थांबवल्या. तरीही देशाच्या सायबर सुरक्षा संस्थेपर्यंत ही वर्दी १० जुलैला पोहोचली, कारण मधल्या फळीतील जबाबदार अधिकाऱ्यांपैकी एकाला वाटत होते की, घटना पक्की ठरल्याशिवाय वर कळवू नये आणि एकदा कळवले की वरिष्ठांच्या प्रश्नांचा ससेमिरा मागे लागेल. म्हणजे धोका ओळखणारी नजर तळाशी होती, निर्णयाचा अधिकार माथ्यावर होता, आणि या दोहोंमधला जिना वापरायला माणसे बिचकत होती.

असे का घडते याचे एक उत्तर डच अभ्यासक गीर्ट हॉफस्टीड यांच्या मांडणीत शोधले जाते. आयबीएम या कंपनीच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून त्यांनी १९८० मध्ये ‘सत्ता-अंतर’ ही संकल्पना मांडली. सत्तेची वाटणी विषम आहे हे समाजातील खालच्या स्थानावरील माणसे कितपत गृहीत धरून चालतात, याचे ते मोजमाप आहे. या मापावर सिंगापूरला ७४, भारताला ७७, तर आयर्लंडला अवघे २८ गुण मिळतात. त्यावरून पूर्वेकडील माणूस वरिष्ठांपुढे ब्र काढत नाही आणि पश्चिमेकडील माणूस स्पष्ट बोलतो, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणवर्गांत तो सर्रास काढलाही जातो.

आयर्लंडचाच अनुभव या निष्कर्षाला छेद देतो. त्या देशाच्या सार्वजनिक आरोग्यसेवेवर १४ मे २०२१ रोजी कोंटी या टोळीने रॅन्समवेअरचा, म्हणजे संगणकांतील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा हल्ला चढवला आणि रुग्णालयांना कागद-पेन हाती घ्यावे लागले. मार्च महिन्यात एका कर्मचाऱ्याने फसव्या ईमेलसोबत आलेली एक्सेल फाइल उघडली होती, आणि तेथून हल्ल्यापर्यंतच्या जवळजवळ दोन महिन्यांत धोक्याच्या खुणा अनेकदा उमटल्या. हल्ल्याच्या आदल्याच दिवशी, किमान सोळा यंत्रणांवर न हाताळलेले धोके असल्याचे अँटिव्हायरस पुरवठादाराने ईमेलने कळवले, तेव्हा सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करण्यात आले. येथे वर्दी निःसंकोच दिली गेली होती. तिचा अर्थ लावून संपूर्ण यंत्रणेच्या वतीने निर्णय घेणारा, सायबर सुरक्षेचीच पूर्ण जबाबदारी असलेला वरिष्ठ अधिकारी मात्र त्या अवाढव्य सेवेत नेमलेलाच नव्हता. भीतीने अडकलेली वर्दी आणि वालीच नसलेली वर्दी यांचा परिणाम सारखाच होतो.

शिवाय हॉफस्टीड यांचे आकडे देशांच्या सरासरीचे आहेत, व्यक्तींचे नव्हेत. आयर्लंडच्या वॉर्डांत भारतातून आणि फिलिपिन्समधून गेलेल्या परिचारिका मोठ्या संख्येने काम करतात, सिंगापूरच्या वॉर्डांतही अनेक देशांतील कर्मचारी असतात. अशा ठिकाणी प्रमुखाने सर्वांना एकच मेल पाठवून ‘काही शंका असल्यास विचारा’ असे म्हटले, तर कोणी ते खरे आमंत्रण मानील आणि कोणी निव्वळ शिष्टाचार. आंतरसांस्कृतिक नेतृत्वाची कसोटी येथे लागते. शंका खोटी ठरली तरी सांगणाऱ्याचे नुकसान होत नाही, हे सर्वांना प्रत्यक्ष व्यवहारातून दिसावे लागते, कारण नुसत्या आश्वासनाचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या पूर्वानुभवाप्रमाणे लावतो.

संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला रुग्णालयांतील औषधचुकांचा अभ्यास या संदर्भात फार मोलाचा आहे. ज्या विभागांतील संघभावना आणि नेतृत्व चांगले, तेथेच चुकांची नोंद अधिक आढळली, आणि त्याचे स्पष्टीकरण असे निघाले की, चुका तेथे अधिक होत नसून अधिक मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या. फिशिंगच्या, म्हणजे फसव्या ईमेलच्या, सराव चाचण्यांना हाच न्याय लावायला हवा. किती जणांनी दुवा दाबला हा आकडा बहुतेक व्यवस्थापने मिरवतात किंवा त्यावरून माणसांना खडसावतात, पण दुवा दाबल्यावर लगेच किती जणांनी कळवले, हा आकडा अधिक उपयोगी आहे. खडसावण्याने नेमका तोच घटतो. वॉर्डातील सामायिक पासवर्डचेही तसेच आहे. रुग्ण ताटकळत असताना दर वेळी नव्याने लॉगिन करणे परवडत नाही म्हणून तो वापरला जातो, हे ज्या प्रमुखाला ठाऊक नाही, त्याच्या भित्तिपत्रकांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

भारतात सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि बाह्यरुग्ण नोंदणीपासून अनेक कामे कित्येक दिवस हाताने करावी लागली. महाराष्ट्रातील मोठ्या रुग्णालयांत केरळहून आलेल्या सिस्टर, मराठी मावशी आणि वॉर्डबॉय, कंत्राटी डाटा एंट्री ऑपरेटर एकाच रात्रपाळीत असतात. पडद्यावर काहीतरी विचित्र दिसते आहे, हे यांच्यापैकी कोणाच्याही लक्षात प्रथम येऊ शकते. त्या रात्री कोणाला फोन करायचा, तो कोणत्या भाषेत केला तरी चालेल आणि सकाळी त्याबद्दल जाब विचारला जाईल का, या प्रश्नांची उत्तरे कंत्राटी ऑपरेटरला आधीच ठाऊक नसतील, तर सहा तासांतले पहिले काही तास तेथेच खर्ची पडतात.