निर्माल्य कोणाच्या ओंजळीत?

भाद्रपद शुद्ध चतुर्दशी हा अनंताच्या व्रताचा दिवस आणि गणरायाच्या निरोपाचाही. इतके दिवस ज्या घरात आरतीचा घंटानाद घुमला, त्या घरातील चौरंग आज रिकामा होतो. लहानथोरांचे डोळे पाणावतात. पुढच्या वर्षी लवकर येण्याचे निमंत्रण द्यायला कोणी विसरत नाही. या निरोपाच्या गडबडीत एक प्रश्न मात्र आपल्या मनात सहसा येत नाही. मूर्तीबरोबर जे निर्माल्य आपण भक्तिभावाने पाण्यात सोडतो, ते पुढे कोणाकडे जाते?

हा प्रश्न माझ्याही मनात कधी आला नव्हता. साठी जवळ आली होती, चार दशके कीर्तनात गंगा-गोदेचे माहात्म्य गात होतो, आणि तरीही आला नव्हता. तो एका माउलीने विचारला, तेव्हा मी निरुत्तर झालो.

२०१८ सालची गोष्ट. गणेशोत्सवातील कीर्तनांसाठी पुण्यास मुक्काम होता. अनंत चतुर्दशीस यजमानांच्या घरचे निर्माल्य घेऊन मी ओंकारेश्वराजवळ मुठेच्या घाटावर गेलो. हार, दूर्वा, केवडा, कापसाची वस्त्रे, सारे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले. पिशवीसकट टाकण्यासाठी हात उचलला, तोच घाटावर उभी असलेली एक बाई पुढे झाली. साडीवर कामाचा कोट, हातात मोजे.

“महाराज, नका टाकू. हिकडं द्या.”

मी म्हणालो, “अहो बाई, देवाचे आहे. पाण्यातच सोडायचे असते.”

माझ्या कपाळीचा बुक्का आणि गळ्यातील माळ तिने पाहिली. “कुठलं म्हणायचं तुम्ही?”

“पंढरपूरचा.”

“मग तर नकाच टाकू, माउली. ह्ये पाणी तुमच्याच गावाला जातंय. माझी सासू वारी करती. चंद्रभागेत बुडी मारून त्येच पाणी तोंडात घेती.”

एवढे बोलून तिने दोन्ही हात पुढे केले. मी पिशवी तिच्या हाती दिली. तिने गाठ सोडली, फुले एका टोपलीत घेतली, दोरा व चमकीचे कागद वेगळे केले आणि पिशवी तिसरीकडे ठेवली. कीर्तनकार मी, परंतु त्या दिवशीचे निरूपण तिचे होते.

मुठेपासून चंद्रभागेपर्यंत

बाईचे बोलणे अक्षरशः खरे होते. पुण्यात संगमावर मुठा मुळेस मिळते. मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडस येथे भीमेत विलीन होते. देहू-आळंदीची इंद्रायणी त्याआधीच तुळापूरला भीमेस मिळालेली असते. हे सारे पाणी उजनीच्या जलाशयात साठते. सोलापूर शहराची तहान त्यावर भागते, आणि तेच पाणी पंढरीत चंद्रकोरीसारखे वळण घेऊन चंद्रभागा या नावाने वाहते. म्हणजे पुण्याच्या घाटावर सोडलेली पिशवी हा पुण्यापुरता विषय राहत नाही. उजनीत जाळे टाकणारा मासेमार, काठच्या गावची पाणी भरणारी सून आणि एकादशीला तीर्थ घेणारी वृद्ध वारकरी, या सर्वांच्या ओंजळीत ती उतरते. मलिनता एकाने करावी आणि तिचे फळ दुसऱ्याने भोगावे, यास धर्म म्हणत नाहीत. यास अन्याय म्हणतात.

येथे मला माझ्या गावाचाही पक्ष घेता येत नाही. पंढरपूरच्या खालीही गावे आहेत. वारीनंतर वाळवंटातून जी घाण वाहून जाते, ती त्यांच्याकडे जाते. वरच्या अंगाला राहणारा प्रत्येक जण कोणाच्या तरी खालच्या अंगालाही राहतो, हे नदी आपल्याला शिकवते.

फुले पाण्यात कुजतात तेव्हा पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. परंतु सारा दोष निर्माल्याच्या माथी मारणेही योग्य नव्हे. नदी नासण्याचे मोठे कारण शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे दूषित पाणी हेच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ च्या अहवालात देशातील नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे नोंदविले. त्यांपैकी ५५ एकट्या महाराष्ट्रातील होते. मुळा-मुठेच्या शुद्धीसाठी जपानच्या साहाय्याने ९९० कोटी रुपयांची योजना २०१६ च्या जानेवारीत मंजूर झाली. तीत ११ नवी शुद्धीकरण केंद्रे योजिली होती, पण ठरल्या मुदतीत काम पुरे झाले नाही. याचा जाब नागरिकांनी अवश्य विचारावा. मात्र जाब विचारणाऱ्याचे हात स्वच्छ असावेत, म्हणून आरंभ आपल्या देवघरापासून करावयाचा.

टोपली धरणारे हात

घाटावर भेटलेली ती बाई एकटी नव्हती. कचऱ्यातून कागद, काच, पत्रा वेचून पोट भरणाऱ्या पुण्यातील कष्टकऱ्यांनी १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभारली. तीत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्याही समाजाने शतकानुशतके दूर ठेवलेल्या जातींतील. बाबा आढाव यांचे नेतृत्व तिला लाभले. १९७० च्या दशकात ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ गावोगाव नेणारे ते हेच बाबा. पाणी सर्वांचे, हा विचार त्यांनी तेव्हा विहिरीच्या काठावर मांडला. आज या बायका तोच नदीच्या घाटावर मांडत आहेत. संघटनेतून ‘स्वच्छ’ ही या कष्टकऱ्यांच्याच मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली पुणे महानगरपालिकेने तिच्याशी करार केला. गणेशोत्सवात या बायका घाटाघाटावर उभ्या राहतात आणि निर्माल्य नदीत जाण्याआधीच हाती घेतात. फुलापानांचे खत होते.

महापालिकेने हौद बांधले, मंडळांनी त्यांचा स्वीकार केला, स्वयंसेवक घाटावर उभे राहिले आणि कष्टकरी स्त्रियांनी टोपली धरली, असे हे एकमेकांच्या हातात हात घालून चालणारे काम आहे. यातील एक हात सुटला तरी सारे पाण्यात जाते.

निर्माल्य शब्दाचा मूळ अर्थ माळेतून गळलेले, उतरविलेले असा आहे. निर्मळपणासाठी संस्कृतात नैर्मल्य असा वेगळा शब्द आहे. व्युत्पत्तीने हे दोन शब्द निराळे असले तरी आचरणाने ते एक करता येतात. घाटावरच्या टोपलीत मला ते एक झालेले दिसले. देवाच्या मस्तकावरून उतरलेले फूल आज त्या हातांत विसावते, ज्या हातांना एके काळी देवाच्या पायरीपलीकडे वाव नव्हता. आमच्या चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. विठ्ठलाचे मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. दिवसा हाती खराटा घेऊन घाण झाडणारे आणि रात्री कीर्तनातून मने झाडणारे गाडगेबाबाही याच वाळवंटाने पाहिले. खराटा आणि वीणा यांत त्यांनी कधी उच्चनीच मानले नाही.

शास्त्र काय म्हणते?

“पण महाराज, नदीत विसर्जन केले नाही तर शास्त्राला बाधा येईल ना?” असा प्रश्न अनेक माता-भगिनी विचारतात. त्यांची शंका श्रद्धेतून येते, म्हणून तिचे उत्तरही आदराने दिले पाहिजे. उत्तरपूजेत अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलविली की देवत्वाचे विसर्जन होते. त्यानंतर उरते ती माती, आणि ती पाण्यात विरघळवून पुन्हा मातीस देणे एवढेच कार्य राहते. कलशातील पाण्यात जर सात नद्यांचे आवाहन करता येते, तर हौदातील किंवा घरच्या बादलीतील पाण्यात ते का करता येऊ नये? उलट पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये, असा स्पष्ट निषेध तैत्तिरीय आरण्यकात आहे. जल मलिन करणे हीच खरी बाधा होय.

मूर्ती मात्र मातीची हवी. प्लास्टर ऑफ पॅरिस सहजी विरघळत नाही. म्हणूनच केंद्रीय मंडळाने २०१० साली विसर्जनाचे नियम घातले आणि २०२० साली ते कडक केले. घरी अशी मूर्ती आलीच असेल, तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दाखविलेल्या रीतीने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ती विरघळविता येते. शाडूची मातीही वाया घालवू नये. ‘पुनरावर्तन’ या उपक्रमात ती गोळा करून मूर्तिकारांना परत दिली जाते. गेल्या वर्षीच्या मातीतून यंदाचा बाप्पा घडावा, याहून लवकर येणे ते कोणते?

तेव्हा भाविक हो, आज घाटावर निघण्यापूर्वी घटकाभर थांबावे. हारातील दोरा, तार, टाचण्या, चमकी काढून टाकावी. फुले-पत्री प्लॅस्टिकमध्ये न बांधता परडीत घ्यावी. आणि टोपली धरून उभी असलेली माउली दिसली की निर्माल्य तिच्यापुढे लांबून फेकू नये. दोन्ही हातांनी तिच्या हाती द्यावे आणि तिला नमस्कार करावा. प्रसादाचा मोदक उरला असेल, तर तो आधी तिला द्यावा.

पुढे कार्तिकीस पंढरीला आलात, तर चंद्रभागेत उतराल. ओंजळीत पाणी घ्याल. ते तोंडाशी नेताना मनात किंतु येऊ नये, एवढे आजच्या आपल्या हाती निश्चित आहे.