वखारीतील एक पाठ

सुगीत सर्वांचा माल एकाच वेळी बाजारात येतो आणि भाव उतरतात. हाती पैसा नसलेल्या शेतकऱ्याला नेमकी तेव्हाच विक्री करावी लागते. या अडचणीत वखार कशी साह्यभूत होते, हे कृषी शाखेच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रभेटीत प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

सोयाबीन आले की प्रथम नमुना तपासला जातो. ओलावा १२ टक्क्यांहून अधिक असल्यास बुरशीचा धोका संभवतो. पोती लाकडी चौकटींवर रचतात, म्हणजे जमिनीची ओल लागत नाही. भिंत आणि थप्पी यांत अंतर राखल्याने हवा खेळती राहते व मालाची पाहणी करता येते. कीड आढळल्यास थप्पी आच्छादून प्रशिक्षित कर्मचारी धुरी देतात.

इतकी काळजी घेतली जाते म्हणूनच वखार पावतीला मोल येते. मालाचे वजन व प्रत नोंदविलेली ही पावती तारण ठेवून बँकेकडून कर्ज मिळू शकते. १९५७ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाच्या गोदामांत शेतकऱ्यांचा मालही ठेवता येतो. भाव चढेलच असे नाही. भाडे व व्याज यांचा हिशेब आधी मांडावा लागतो. तो मांडून विक्रीची वेळ ठरविणे मात्र शेतकऱ्याच्या हाती येते.