रॉजर ईबर्ट यांची प्रतिकूल चित्रपटसमीक्षा : अपेक्षाभंग, रितेपण आणि निर्णयाची कारणे

प्रस्तावना

चित्रपटविषयक लेखनात श्रेष्ठ कलाकृतींची चर्चा विपुल प्रमाणात आढळते. वृत्तपत्रीय समीक्षकाच्या दैनंदिन कामाचा मोठा भाग मात्र सामान्य, फसलेल्या किंवा चित्रपटगृहाबाहेर पडताच मनातून पुसल्या जाणाऱ्या चित्रपटांनी व्यापलेला असतो. अशा चित्रपटांवर दिलेल्या प्रतिकूल निर्णयाला काही वैचारिक मूल्य असते काय, की ती केवळ समीक्षकाची वैयक्तिक नापसंती असते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट (१९४२-२०१३) यांच्या लेखनाच्या आधारे केला आहे.

ईबर्ट १९६७ पासून मृत्यूपर्यंत ‘शिकागो सन-टाइम्स’ या दैनिकाचे चित्रपटसमीक्षक होते. १९७५ मध्ये त्यांना समीक्षेसाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले. हा सन्मान मिळवणारे ते पहिले चित्रपटसमीक्षक होत. जीन सिस्केल यांच्यासमवेत त्यांनी सादर केलेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे अंगठा वर किंवा खाली करून निर्णय देण्याची पद्धत सर्वतोमुखी झाली. त्यांच्या प्रतिकूल परीक्षणांचे तीन संग्रह प्रसिद्ध झाले : ‘आय हेटेड, हेटेड, हेटेड धिस मूव्ही’ (२०००), ‘युवर मूव्ही सक्स’ (२००७) आणि ‘अ हॉरिबल एक्स्पीरिअन्स ऑफ अनबेअरेबल लेंग्थ’ (२०१२). शीर्षके भडक असली, तरी आतील परीक्षणांतून निर्णयामागील विचारपद्धती स्पष्ट होते. प्रतिकूल निर्णय आपला मापदंड आणि आपली कारणे उघड करतो, तेव्हाच तो समीक्षेच्या पदवीला पोहोचतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

मापदंडाची सापेक्षता

ईबर्ट चार तारांकनांची श्रेणी वापरत. सामान्यतः तीन तारांकने म्हणजे अनुकूल आणि अडीच म्हणजे प्रतिकूल मत, अशी त्यांची विभागणी होती. मात्र ही श्रेणी निरपेक्ष नव्हती. ‘शाओलिन सॉकर’च्या २००४ मधील परीक्षणात त्यांनी तिचे स्पष्टीकरण दिले आहे. ‘हेलबॉय’ कसा आहे असे मित्र विचारतो, तेव्हा त्याला ‘मिस्टिक रिव्हर’शी तुलना अपेक्षित नसते, त्याच जातीच्या ‘द पनिशर’सारख्या चित्रपटाशी तुलना अपेक्षित असते. या जातीत १९७८ चा ‘सुपरमॅन’ चार तारांकनांचा मानला, तर ‘हेलबॉय’ तीनचा आणि ‘द पनिशर’ दोनचा ठरतो, असा त्यांचा हिशेब होता.

या भूमिकेचे महत्त्व दुहेरी आहे. एक तर विनोदी चित्रपटाला तो शोकांतिका नाही म्हणून दोष देण्याचा अन्याय टळतो. दुसरे असे की, चित्रपटाने स्वतः जे साधण्याचे योजले आहे ते त्याला साधले काय, हा प्रश्न अग्रभागी येतो. मात्र या पद्धतीला एक मर्यादाही आहे. दोन भिन्न प्रकारांतील तारांकनांची परस्परांशी तुलना केल्यास निष्कर्ष चुकतात. परीक्षणातील मजकूर न वाचता केवळ आकडा पाहणाऱ्या वाचकाला ही अडचण जाणवत नाही.

अपेक्षाभंगाचे स्वरूप

निराशाजनक चित्रपट आणि वाईट चित्रपट यांत फरक आहे. निराशा ही पूर्वअपेक्षेशी निगडित असते. एम. नाइट श्यामलन यांच्या ‘द सिक्स्थ सेन्स’ला (१९९९) ईबर्ट यांनी तीन आणि ‘साइन्स’ला (२००२) चार तारांकने दिली होती. त्याच दिग्दर्शकाच्या ‘द व्हिलेज’ला (२००४) मात्र त्यांनी एकच तारांकन दिले. त्यांचा मुख्य आक्षेप रहस्याच्या उकलीवर होता. संपूर्ण चित्रपट ज्या गुपितावर उभा आहे, ते उघड झाल्यावर प्रेक्षकाच्या प्रतीक्षेचे चीज होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. येथे दिग्दर्शकाच्या क्षमतेविषयी शंका नाही. रचनेने दिलेले वचन रचनेनेच मोडले, ही तक्रार आहे.

‘पर्ल हार्बर’ (२००१) या मायकेल बे यांच्या चित्रपटाबाबतचा आक्षेप निराळ्या स्वरूपाचा आहे. १९४१ मधील जपानी हल्ल्यासारखा विषय, अवाढव्य निर्मितिखर्च आणि तीन तासांची लांबी यांमुळे इतिहासाचे आकलन घडेल अशी अपेक्षा निर्माण होते. प्रत्यक्षात एका ठरावीक प्रेमत्रिकोणाला केंद्रस्थान मिळाले, हल्ल्याची दृश्ये पुनरुक्त झाली आणि युद्धाच्या डावपेचांचे भान दुर्बळ राहिले, असे ईबर्ट यांनी दाखवले. विषयाचे मोठेपण कलाकृतीला आपोआप मोठी करत नाही, हा त्यांच्या समीक्षेतील एक मूलभूत विचार येथे दिसतो. चित्रपट कशाविषयी आहे यापेक्षा तो त्याविषयी कशा रीतीने आहे, याला ते अधिक महत्त्व देत.

रितेपणाची अडचण

लक्षात न राहणाऱ्या चित्रपटावर लिहिणे हे वाईट चित्रपटावर लिहिण्यापेक्षा कठीण असते. वाईट चित्रपटात दोष तरी ठळक असतात. रित्या चित्रपटात समीक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. ‘मॅड डॉग टाइम’ (१९९६) या चित्रपटाविषयी ईबर्ट यांनी म्हटले की, तितकाच वेळ कोरा पडदा पाहण्यापेक्षा अधिक काही न देणारा हा आपण पाहिलेला पहिलाच चित्रपट होय. वरवर पाहता ही केवळ चेष्टा वाटते. परंतु तीत एक कसोटी दडलेली आहे : चित्रपटाने प्रेक्षकाच्या वेळेत काही भर घातली काय?

सिस्केल यांची अशीच एक कसोटी ईबर्ट वारंवार सांगत. याच कलाकारांना दुपारचे जेवण घेताना चित्रित केलेला माहितीपट या चित्रपटाहून अधिक रंजक झाला नसता काय, असा तो प्रश्न होता. गुणी नट असूनही पटकथेने त्यांना काहीच करावयास दिले नाही, हे या प्रश्नातून नेमके उघड होते.

निर्णयाची दुरुस्ती आणि मतभेद

कारणे दिलेली असतील तर निर्णयाची फेरतपासणी शक्य होते. व्हिन्सेंट गॅलो यांचा ‘द ब्राउन बनी’ २००३ च्या कान महोत्सवात दाखवला गेला, तेव्हा ईबर्ट यांनी त्याला महोत्सवाच्या इतिहासातील सर्वांत वाईट चित्रपट म्हटले. दोघांत जाहीर वादही झाला. पुढे गॅलो यांनी सुमारे २६ मिनिटांचा भाग वगळून चित्रपटाचे पुनःसंपादन केले. २००४ मध्ये नवी आवृत्ती पाहून ईबर्ट यांनी तिला तीन तारांकने दिली आणि संपादनाने कलाकृतीचे रूप कसे पालटते हे विशद केले. ‘ग्राउंडहॉग डे’ (१९९३) या चित्रपटाला दिलेली तीन तारांकने अपुरी होती, असेही त्यांनी २००५ मध्ये मोकळेपणाने मान्य केले.

काही निर्णय वादग्रस्तच राहिले. डेव्हिड लिंच यांच्या ‘ब्लू व्हेल्व्हेट’ला (१९८६) त्यांनी एकच तारांकन दिले. अभिनेत्री इझाबेला रोसेलिनी यांना अपमानास्पद प्रसंगांतून जावे लागते आणि दिग्दर्शक मात्र उपहासाच्या आडोशाला राहतो, हा त्यांचा नैतिक आक्षेप होता. अनेक समीक्षकांनी हाच चित्रपट त्या दशकातील महत्त्वाची कृती मानला. तरीही ईबर्ट यांचे परीक्षण निरर्थक ठरत नाही. कारण त्यांच्याशी असहमत होणाऱ्यालाही त्या आक्षेपाचे उत्तर द्यावे लागते.

कृती आणि कर्ता

‘ड्यूस बिगलो : युरोपियन जिगोलो’ (२००५) या चित्रपटाचे नायक रॉब श्नायडर यांनी एका पत्रकाराला पुलित्झर न मिळाल्यावरून जाहीर टोमणा मारला होता. आपल्याला ते पारितोषिक मिळालेले असल्याने आपण बोलण्यास पात्र आहोत, असे म्हणत ईबर्ट यांनी चित्रपटाचा कठोर शब्दांत निकाल लावला. पुढे ईबर्ट गंभीर आजारातून सावरत असताना श्नायडर यांनी त्यांना फुले पाठवली. त्यावर, वाईट चित्रपट करणारा माणूस वाईट असतोच असे नाही, असा आशय ईबर्ट यांनी लिहिला. कृतीचे मूल्यमापन आणि कर्त्याचे मूल्यमापन यांतील सीमारेषा येथे स्पष्ट होते.

समारोप

‘रॉटन टोमॅटोज’सारख्या संकलनपद्धतीत परीक्षणे अनुकूल किंवा प्रतिकूल अशी विभागून अनुकूल मतांची टक्केवारी काढली जाते, ६० टक्के वा अधिक मते अनुकूल असल्यास चित्रपट उत्तीर्ण ठरतो. सर्वांनी सौम्य पसंती दर्शवली तरी आकडा १०० येऊ शकतो. म्हणजेच मताची संख्या उरते, त्याची तीव्रता आणि कारणे गळून पडतात. अंगठ्याची खूण लोकप्रिय करणाऱ्या समीक्षकाच्या लेखनातूनच या खुणेचे अपुरेपण सिद्ध व्हावे, हे लक्षणीय आहे.

अध्यापकांच्या दृष्टीनेही या विवेचनाला महत्त्व आहे. उत्तरपत्रिका, प्रकल्प वा शोधनिबंध यांवर प्रतिकूल शेरा देणे हे आपले नित्याचे काम आहे. ‘सामान्य’ किंवा ‘असमाधानकारक’ एवढाच शेरा विद्यार्थ्याला निर्णय कळवतो. पुढे काय करावे ते सांगत नाही. कोणत्या अपेक्षेने लेखन तपासले, ती कोठे अपुरी राहिली आणि काय वगळल्यास वा वाढवल्यास ते सुधारेल, हे सांगणारा शेरा कठोर असला तरी उपकारक ठरतो. चित्रपट-रसास्वादाच्या वर्गातही विद्यार्थ्यांकडून केवळ आवडलेल्या चित्रपटावर लिहून घेण्याऐवजी निराश करणाऱ्या एका चित्रपटावर सकारण लिहून घेतल्यास त्यांची निर्णयशक्ती अधिक कसाला लागेल.