आई इंदापूरची, पासपोर्ट अमेरिकेचा
खेळाडू आणि नागरिकत्व : लेखांक ४

परदेशात जन्मलेली आणि तिथेच फुटबॉल शिकलेली मुलगी आई किंवा वडिलांच्या देशाकडून खेळू शकते का, हे दोन नियमांवर ठरते. पहिला फिफाचा. खेळाडूकडे त्या देशाचे नागरिकत्व हवे. ते जन्मतः नसून नंतर घेतलेले असेल, तर आई, वडील, आजी किंवा आजोबा यांपैकी कोणाचा तरी जन्म त्या देशात झालेला असावा लागतो. नाहीतर तिथे काही वर्षे राहिलेले असावे लागते. दुसरा नियम त्या देशाच्या कायद्याचा. नागरिकत्व कोणाला द्यायचे हे फिफाच्या हाती नसते. त्यामुळे एका देशात सहज जमणारी गोष्ट दुसऱ्या देशात अडून बसते.

फिलिपिन्समध्ये ती जमते. तिथल्या १९८७ च्या राज्यघटनेनुसार आई किंवा वडील नागरिक असले की मूलही नागरिक ठरते, मग जन्म कुठेही होवो. त्याचा परिणाम पुणे जिल्ह्यातच पाहायला मिळाला. ३० जानेवारी २०२२ रोजी बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात महिला आशिया चषकाचा उपांत्यपूर्व सामना झाला. फिलिपिन्सच्या संघात अमेरिकेत वाढलेल्या खेळाडूंचा मोठा भरणा होता. चायनीज तैपेईविरुद्ध १-१ अशी बरोबरी झाली आणि निकाल पेनल्टी शूटआउटवर गेला. गोलरक्षक ऑलिव्हिया मॅकडॅनियलने प्रतिस्पर्ध्यांचे फटके अडवले, शिवाय स्वतः पुढे येऊन एक गोलही केला. निर्णायक फटका कॅलिफोर्नियात जन्मलेल्या सरिना बोल्डेनचा होता. शूटआउट ४-३ असे जिंकून फिलिपिन्स प्रथमच विश्वचषकाला पात्र ठरला. २५ जुलै २०२३ रोजी वेलिंग्टनमध्ये यजमान न्यूझीलंडला १-० असे हरवणारा, फिलिपिन्सचा विश्वचषकातला पहिला गोलही बोल्डेनचाच.

भारतात चित्र उलटे आहे. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार भारतीयाने परदेशी नागरिकत्व स्वीकारले की भारतीय नागरिकत्व संपते. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर आयुष्यभर भारतात ये-जा करता येते, पण मतदान करता येत नाही. खेळात पूर्वी थोडी मोकळीक होती. अमेरिकेत जन्मलेली टेनिसपटू सुनीता राव २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सानिया मिर्झाच्या जोडीने भारताकडून खेळली. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्र सरकारने भारताकडून खेळण्यासाठी भारतीय पासपोर्ट सक्तीचा केला.

आई इंदापूरची, वडील बारामतीचे, दोघेही आता अमेरिकी नागरिक आणि मुलगी तिथेच जन्मलेली, असे उदाहरण घेतले तर गुंता स्पष्ट होतो. आईचा इंदापूरचा जन्मदाखला हा फिफाच्या दृष्टीने भारताशी नाते सांगणारा पुरावा ठरतो. भारताची जर्सी मिळवायला तो पुरत नाही. मुलगी सज्ञान झाल्यावर अर्जापूर्वी सर्वसाधारणपणे बारा महिने भारतात राहायचे, नागरिकत्वाच्या नोंदणीसाठी अर्ज करायचा आणि अमेरिकी नागरिकत्व सोडायचे, असा तो मार्ग आहे. अमेरिकी महाविद्यालयात शिष्यवृत्तीवर खेळणाऱ्या मुलीला नेमक्या उमेदीच्या वर्षांत ही किंमत मोजावी लागते.

पुरुष फुटबॉलमध्ये काहींनी ती मोजली. जपानी आई आणि गुजराती वडिलांचा मुलगा अराता इझुमी पुणे एफसीकडून खेळत असताना भारतीय नागरिक झाला आणि २०१३ मध्ये भारताकडून उतरला. पर्थमध्ये जन्मलेल्या रायन विल्यम्सची आई मुंबईची. त्याने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडले.

दुहेरी नागरिकत्वाला कायद्याच्या पातळीवरच नकार असल्याने केवळ क्रीडा मंत्रालयाचे धोरण बदलून ही अडचण पूर्ण सुटणार नाही. धोरण सैल झाले तरी फिफाला नागरिकत्व लागतेच आणि ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्यामुळे भारताच्या महिला संघाची भिस्त देशात घडलेल्या खेळाडूंवरच आहे. ५ जुलै २०२५ रोजी चियांग माईमध्ये याच संघाने संगीता बासफोरच्या दोन गोलांच्या जोरावर थायलंडला २-१ असे हरवले आणि २०२६ च्या आशिया चषकात स्थान मिळवले. पात्रता फेरीतून भारतीय महिलांनी ते मिळवण्याची ही पहिलीच वेळ होती.